अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

माझी मुलगी जान्हवी आणि जावई विश्वजीत जर्मनीत डॉर्टमुंडला निघाले, तेव्हा मी त्यांना एकच ताकीद दिली होती. अकरा महिन्यांसाठी जाताय, तिथं संसार मांडून बसू नका. विश्वजीतच्या पुण्याच्या कंपनीनं त्याला तिथल्या कारखान्यात यंत्रं बसवायच्या कामावर पाठवलं होतं, नोव्हेंबर ते ऑक्टोबर. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या कंपनीनं दिल्या होत्या. आत एक पलंग, एक कपाट, बाकी नुसत्या भिंती.

मी कालिंदी. वसमतच्या पंचायत समितीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. मला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते आणि मी सांगितलेलं कुणी मोडलेलं मला खपत नाही. जान्हवीच्या बाबांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मला न विचारता केली, ती म्हणजे नऊ वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आम्ही दोघीच. त्यामुळं ती परदेशी गेल्यावर रोज संध्याकाळी सहाला फोन करायचा आणि मला घर दाखवायचं, असा मी नियमच घालून दिला.

पहिल्या आठवड्यात तिनं दाखवलं ते घर बघून हसावं की रडावं कळेना. जेवायला टीव्हीचं रिकामं खोकं. खिडकीला पडदा म्हणून मी दिवाळीला घेतलेली साडी. ताटल्या दोन. एकदा विश्वजीतच्या कारखान्यातला एक जण जेवायला आला, तर त्याला ताटल्या दिल्या आणि ह्या दोघांनी पातेल्याच्या झाकणात वाढून घेतलं. तिथं लोक नको असलेल्या वस्तू रस्त्याच्या कडेला ठेवतात, ज्याला हवं त्यानं न्यावं. तशी एक खुर्ची विश्वजीत अंधार पडल्यावर उचलून घेऊन आला.

"आमच्या सेनगावात कुणाला सांगू नका आई," तो म्हणाला. "इंजिनेर पोरगं रस्त्यावरून खुर्च्या येचून राहिलं म्हणतील."

"मी कशाला सांगू? आणि ती खुर्ची आधी पुसून घ्या."

जान्हवीला कुकर हवा होता. तुरीची डाळ पातेल्यात शिजता शिजत नाही म्हणून ती कुरकुरायची. मी म्हणाले, अकरा महिन्यांसाठी कशाला? चादरीची आणखी एक जोडी हवी होती. अकरा महिन्यांसाठी कशाला? पुढं पुढं ती काही बोलायच्या आधीच विश्वजीत मागून माझ्या आवाजात ओरडायचा, "अकरा महिन्यांसाठी कशाला?" आणि दोघं खिदळत बसायची. मीही हसायचे. ते दिवस खरंच चांगले होते.

जानेवारीत तिनं गोड बातमी दिली. हिशोब अगदी माझ्या मनासारखा बसला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातली रीत. सातवा लागला की तिनं विमानानं हैदराबादला यायचं, मी गाडी करून आणायला जाणार, आणि बाळ वसमतलाच होणार. जुलैच्या पहिल्या आठवड्याचं तिकीटही काढून झालं.

तिला डोहाळे लागले ते भलतेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडं हळद शिजवतात तेव्हा सगळ्या तालुक्यात तो वास भरून राहतो. तिला तो वास हवा होता. मी जवळच्या हट्टा गावाला चुलतभावाच्या शेतात एसटीनं गेले आणि वाफाळत्या कढईसमोर फोन धरून उभी राहिले.

"येऊन राहिला का वास?" मी विचारलं.

"आई, अगं फोनमधून वास कसा यील?"

"मग काहून धरायला लावलास?"

"बघून तरी बरं वाटून राहिलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, बाळाला सगळं माझं येऊ दे, फक्त बाबाचं नाक नको." तिच्या बाबांचं नाक बसकं होतं, तेच तिला आलं होतं आणि शाळेत त्यावरून पोरी तिला चिडवायच्या. मी तिला म्हटलं, नाकाला काय धाड भरली, चांगलं धडधाकट नाक आहे.

त्याच फोनवर मी तिला दुसरी ताकीद दिली. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काडीसुद्धा घ्यायची नाही. पाळणा नाही, कपडे नाहीत, खेळणं नाही. आमच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं आहे. आणि पहिल्यांदा अंगावर जे कापड चढवायचं ते नवं नसावं, घरातलं जुनं असावं.

"तिथल्या दुकानांत इतकं गोड गोड मिळतं गं," ती म्हणाली.

"मिळू दे. डोळे मिटून पुढं जायचं. मी सांगितलेलं ध्यानात राहील का?"

"व्हय बाई, राहील."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. एप्रिलमध्ये मी स्वतःच तो नियम मोडला. दुपारी बसल्या बसल्या माझी एक जुनी सुती साडी काढली. इतकी मऊ झालेली, की हातात धरल्यावर मला राहवेना. तिची चार दुपटी शिवली. जान्हवी जन्मली तेव्हाचं तिचं झबलं आणि टोपरं मी जपून ठेवलं होतं, तेही धुऊन, उन्हात वाळवून, घडी घातली. सगळं पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि वर गोधड्या टाकल्या. विकत तर काही आणलं नाही ना, अशी मीच माझी समजूत घातली. कुणाला कळणार होतं?

जूनच्या मध्यावर एका सकाळी दहाला विश्वजीतचा फोन आला. ती फोनची वेळ नव्हती.

"आई," तो म्हणाला, "बाळ गेलं."

कालपासून हालचाल जाणवत नव्हती म्हणून दवाखान्यात गेले होते. पोटातच ठोके थांबले होते. नाळेला गाठ पडली होती, असं डॉक्टर म्हणाले. कुणाच्याच हातात काही नव्हतं. पहाटे मोकळी झाली. मुलगी होती.

मी काय बोलले ते आठवत नाही. त्याचं पुढचं वाक्य मात्र मला मरेपर्यंत ऐकू येईल.

"नर्सबाई विचारून राहिल्यात, तिला काय घालायचं. कपडे आणले का म्हणतात. आई, आमच्याकडं काहीच न्हाई."

ट्रंक माझ्यापासून तीन पावलांवर होती. मी तिच्याकडं बघत फोन कानाला धरून उभी राहिले. आणि म्हणाले, "नसू द्या."

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. त्या गावातल्या काही म्हाताऱ्या बायका आपल्या ठेवणीतल्या कपड्यांतून अशा लेकरांसाठी अंगडी शिवून दवाखान्यात देऊन ठेवतात. नर्सनं त्यातलं एक आणलं, पांढरं, कुणाच्या तरी लग्नातल्या झग्याचं. कोण कुठली बाई, तिनं आपल्या लग्नाच्या कपड्यावर कात्री चालवली आणि माझी नात झाकली. माझी चार दुपटी मात्र गोधड्यांखाली पडून राहिली.

आठवड्यानं त्यांनी तिला तिथल्या दफनभूमीत, लहान मुलांच्या भागात ठेवलं. कागदावर नाव लागतं म्हणून नाव दिलं. आरोही. विश्वजीतनं मला फोनवर तिचा फोटो पाठवला. माझ्या फोनवर फोटो आपोआप उघडत नाहीत, बोट लावावं लागतं. तोवर नुसता धूसर चौकोन आणि मधे एक बाण. मी बोट लावलं नाही.

माझ्या आईची दोन लेकरं अशीच गेली होती. तिनं त्यांची तोंडं बघितली नाहीत, नावं ठेवली नाहीत आणि जन्मात कधी त्यांचा विषय काढला नाही. असं केलं म्हणजे बाई सावरते, असं मला वाटायचं. आई सावरली होती का, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"आई, बघितलास का फोटो?" जान्हवीनं दुसऱ्या दिवशी विचारलं. "कुणासारखी दिसती गं?"

"असलं काही बघू नये," मी म्हणाले. "नाव तरी काहून ठेवलं? आता विसर आणि निघून ये. तब्येत सांभाळ."

मग तिनं विचारलं, "एक विचारू? मी मोजे घेतले होते."

"कसले मोजे?"

"बाळाचे. पिवळे, हळदीसारखे. मे महिन्यात एका दुकानात दिसले आन्‌ ऱ्हावलंच न्हाई. ह्यांनाबी सांगितलं न्हाई, स्वेटरच्या आत लपवून ठेवले होते. त्या दिवशी ह्यांना म्हटलं, कप्प्यातून काढून आणा. तेवढंच आपलं होतं तिच्या अंगावर." तिला रडू आवरेना. "आई, त्यानं झालं का गं? तू बजावलं होतंस."

त्या क्षणी मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की येडे, मी चार दुपटी शिवलीत. तू जोडभर मोजे घेतलेस, मी अख्खी साडी फाडली. पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. कारण मी त्या दिवसापासून रोज तेच म्हणत होते, की हे माझ्या हातानं झालं. पोरीनं ते आपल्या अंगावर ओढून घेतलं आणि मला, तिच्या आईला, क्षणभर मोकळं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

"जाऊ दे, आता त्याचं काय," मी म्हणाले. 'नाही' असं मी म्हणाले नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट रद्द झालं. ती ऑगस्टमध्ये आली नाही, गणपतीला आली नाही. ऑक्टोबरात विश्वजीतचे अकरा महिने भरले आणि त्यानं कंपनीकडून आणखी एक वर्ष मागून घेतलं. मी चिडले, ओरडले, तिथं काय ठेवलंय तुमचं असं विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"तिला एकटीला सोडून कशी येऊ?" जान्हवी एवढंच म्हणाली.

मग एकेक करून त्या घरात वस्तू येऊ लागल्या. आधी कुकर आला. मग लाकडी टेबल, चार खुर्च्या, खिडक्यांना खरे पडदे. माझी साडी तिनं घडी करून कपाटात ठेवली. जे मी इतके महिने नको नको म्हटलं ते सगळं तिनं न विचारता घेतलं. मी फोनवर ते बघायचे आणि हे लोक आता येणार नाहीत हे मला दिसत होतं. ती रोज बसनं दफनभूमीत जायची. तिथंही जागा कायमची मिळत नाही म्हणे, ठरावीक वर्षांपुरतीच देतात. ते ऐकून मी दिवसभर जेवले नाही.

डिसेंबरात विश्वजीतनं एकदा कारखान्यातून मला एकटीला फोन केला.

"आई, एक सांगायचं होतं. जान्हवीला तकलीफ मोज्यांची हाय. ती म्हणती तिनं मोजे घेतले म्हणून झालं. डॉक्टरचा कागद दाखवला, नाळेची गाठ समजावून सांगितली. म्हणती, डॉक्टरला मोजे काय ठाऊक. तुमच्याकडं यायला भिऊन राहिली ती. म्हणती, आई तोंडानं बोलत न्हाई, पण तिला ठाऊक हाय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ देवापुढं बसले, पण हात जोडावेत असं वाटलं नाही. माझी पोरगी सहा महिने परक्या गावात माझं ओझं वाहत होती आणि मी इथं तिच्या तब्येतीची चौकशी करत होते.

दुसऱ्या दिवशी सहाला तिचा फोन आला. मी फोन ट्रंकेसमोर स्टुलावर उभा केला.

"काय करून राहिली आई?" तिनं विचारलं.

"बघत बस. मधी बोलू नको."

मी ट्रंक उघडली. गोधड्या बाहेर काढल्या. मग एकेक दुपटं काढून, उलगडून तिला दाखवलं. चारही. मग झबलं. मग टोपरं. साडी तिनं लगेच ओळखली. लहानपणी त्याच साडीच्या पदराला तोंड पुसायची ती.

"हे तुझं झबलं," मी म्हणाले. "हे सगळं मी एप्रिलात करून ठेवलं होतं. तुझ्या मोज्यांच्या आधी. नियम आधी मी मोडला. आन्‌ ज्या दिवशी नर्सनं कपडे मागितले त्या दिवशी हे हितंच होतं. मी विश्वजीतरावांना सांगितलं न्हाई. तुलाबी सांगितलं न्हाई."

ती पडद्यावरच्या दुपट्यांकडं बघत राहिली. मला वाटलं ती रडेल आणि मी तिला समजावीन. पण तिचा चेहरा घट्ट झाला.

"सहा महिने," ती म्हणाली. "मी तुला इचारलं होतं आई. तुला इचारलं होतं मी. अन्‌ तू म्हणालीस, आता त्याचं काय."

"चुकलं माझं."

"मी रोज तिथं जाऊन तिची माफी मागून राहिले. मोज्यांची."

तिनं फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दहा दिवस मी सहाच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसले. स्वतःहून करायची हिंमत झाली नाही. विश्वजीतनं एकदा फक्त लिहिलं, की ती जेवते, झोपते, तुम्ही काळजी करू नका.

अकराव्या दिवशी जान्हवीचा मेसेज आला. घराचा पत्ता आणि खाली एकच शब्द, 'पाठव'.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्यांना इस्त्री केली, झबलं-टोपरं त्यांच्यात गुंडाळलं, वरून कापड शिवलं आणि पोस्टात गेले. खिडकीवर रविंद्र होता. आमच्या ऑफिसातल्या एका शिपायाचा मुलगा, मला चांगला ओळखतो. परदेशी पार्सलचा कागद भरताना त्यानं विचारलं, "काय हाय बाई आत?"

"लहान लेकराचे कपडे. वापरलेले."

"जान्हवीताईला लेकरू झालं? अन्‌ आमाला बर्फी न्हाई का पेढा न्हाई?" त्यानं मान वर केली. "काय झालं?"

मागं रांगेत चार माणसं होती. मी काहीही सांगून सुटू शकले असते.

"नात झाली," मी म्हणाले.

"वा! कुणावर गेली?"

तो सहज बोलला होता. शिक्के मारत होता, माझ्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. सगळे विचारतात तसं त्यानं विचारलं होतं, आणि आजी असून मला ते ठाऊक नव्हतं. तिच्या आईनंही मला हेच विचारलं होतं.

मी पावती घेतली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. फोन काढला. विश्वजीतच्या सहा महिन्यांच्या मेसेजमधून वर वर जात राहिले, तो धूसर चौकोन सापडेपर्यंत. बाणावर बोट ठेवलं. एक चक्र फिरलं आणि ती आली.

एवढीशी. डोळे मिटलेले. पांढऱ्या कापडात दिसतही नव्हती, इतकी लहान. पण नाक होतं. बसकं, रुंद, धडधाकट नाक, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही असं. नऊ वर्षांनी मी ते नाक पुन्हा बघत होते. मला मोठ्यानं रडू आलं. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, असं मनात म्हटलं.

तिथं अजून पुरतं उजाडलं नसणार, पण मी फोन लावला. जान्हवीनं लगेच उचलला.

"जानू," मी म्हणाले, "नाक तुझ्या बाबाचं हाय गं."

"व्हय ना?" ती म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून ह्यांना सांगून राहिले. ह्यांनी बाबांना बघितलंच न्हाई, मग ह्यांना कसं कळणार? मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं आई."

"चुकलं गं माझं लेकरा."

ती रडली, मीही रडले. पोस्टाच्या पायरीवर ऊन आलं होतं. मी पुन्हा फोटो बघितला आणि मग पायांकडं लक्ष गेलं. पांढऱ्या कापडातून बाहेर आलेली दोन पावलं, पिवळी.

"एक मोजा उलटा घातलाय," मी म्हणाले.

"ह्यांनी घातले. हात थरथरून राहिले होते ह्यांचे."

मग मी ते नाव पहिल्यांदा तोंडानं घेतलं.

"लई गोड दिसून राहिलेत मोजे आरोहीला," मी म्हणाले. "बरं झालं घेतलेस."